सर्वांत अयोग्य

त्या दुपारी आर्गिरिसच्या पदरात काय पडणार होतं, याचा हिशेब मांडायला पाटीसुद्धा लागली नसती. पैसा नव्हता, बढती नव्हती, रजा नव्हती. कंपनीनं अथेन्सहून पाठवलेली मेरोपी नावाची एक बाई पाऊण तास त्याच्याकडे तोंड करून बसणार होती आणि त्याचं बोलणं ऐकणार होती, एवढाच काय तो नफा. पण कावालाच्या धक्क्यावर अर्धं आयुष्य काचेच्या खिडकीमागे बसून बोटीची तिकिटं दिलेल्या माणसाला हा नफा लहान वाटत नाही. तिकीट घेणारा खिडकीतल्या तोंडाकडे कधी बघत नाही, छापून येणाऱ्या कागदाकडे बघतो. मेरोपीबाई तोंडाकडे बघत होती. अधूनमधून मानही हलवत होती. ते मान हलवणं आर्गिरिसनं केवढ्याला घेतलं, ते त्याला बऱ्याच महिन्यांनी कळलं, शेजारच्या खिडकीवर बसणाऱ्या एव्हान्थियाच्या स्वयंपाकघरात, ती मासळी साफ करत असताना.

बोटभर लांबीची ती चंदेरी मासळी एव्हान्थिया सुरीशिवाय साफ करायची. अंगठ्यानं डोकं मोडायचं आणि त्याच झटक्यात आतली घाण ओढून काढायची, की मासा रिकामा. तिचे हात मनगटापर्यंत खवल्यांनी चमकत होते म्हणून वाचायचं काम आर्गिरिसकडे होतं. कंपनी एका मोठ्या कंपनीनं गिळली होती. कावालाच्या कचेरीतल्या बारमाही दोन जागांपैकी एकच राहणार होती, पाळीप्रमुखाची. दुसऱ्यानं उन्हाळ्यापुरतं यायचं आणि हिवाळ्यात बेकारभत्त्याच्या रांगेत उभं राहायचं. कोण राहणार ते ओळखीपाळखीनं ठरायचं नव्हतं, इकडे ही गोष्टच नवलाची. ते ठरायचं होतं संगणकावरच्या परीक्षेनं. कामावरचा एखादा प्रसंग सांगतात, खाली चार उत्तरं देतात, त्यातलं सर्वांत योग्य कुठलं आणि सर्वांत अयोग्य कुठलं ते निवडायचं. सरावासाठी नमुन्याचे प्रश्न आधी पाठवले होते. एकमेकांविरुद्ध बसायचं आणि अभ्यास मात्र एका टेबलावर करायचा, ही कल्पना एव्हान्थियाची. "वेगवेगळा अभ्यास केला तर गाव म्हणेल भांडले," ती म्हणाली होती, "आणि कुंबारे भांडले की पाद्री पण मध्ये पडत नाही."

तिच्या मुलीला, फेव्रोनियाला, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर उचलून घेतलं होतं ते आर्गिरिसनं. तेव्हापासून तो एव्हान्थियाचा कुंबारा आणि ती त्याची कुंबारी. रक्ताचं नातं नव्हे, पण रक्ताच्या नात्यात माणसं कोर्टात जातात, या नात्यात जात नाहीत. सणाला तो तिच्या टेबलाच्या टोकाला बसायचा, फेव्रोनिया त्याला नोनो, म्हणजे धर्मबाप, म्हणायची आणि तिचे ईस्टरचे बूट त्याच्याकडून यायचे. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. बायको होती, ती फार पूर्वी सालोनिकाला गेली आणि तिथेच बरी होती.

"वाच ना," एव्हान्थिया म्हणाली. "झोपलास काय?"

"वाचतो. 'तुम्ही एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करता. सर्व खोल्या भरलेल्या आहेत. वडिलांच्या निधनामुळे गावी निघालेला एक माणूस कुटुंबासह येतो व खोली मागतो. एक खोली टोमॅटोच्या रोपांच्या...'"

इथे तो अडला. डोळे पुढे गेले, जीभ मागे राहिली. टोमॅटोच्या रोपांच्या व्यापाऱ्यासाठी राखून ठेवलेली आहे. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. मेरोपीबाईनं बोटीचं हॉटेल केलं होतं, शववाहिकेची खोली केली होती, बंदर पुसून टाकलं होतं. पण टोमॅटोची रोपं तिच्या हातून तशीच राहिली होती.

"रोपांच्या काय?"

"व्यापाऱ्यासाठी राखलेली आहे. 'तुम्ही काय कराल? अ, वरिष्ठांना कळवून त्यांच्या निर्णयाची वाट पाहाल. ब, व्यापाऱ्याला फोन करून त्याची संमती मागाल. क, नियम समजावून सांगून त्या कुटुंबाची दुसरीकडे सोय करून द्याल. ड, व्यापाऱ्याचं नाव यादीतून काढून खोली द्याल आणि संगणकात बिघाड झाला असं त्याला सांगाल.'"

एव्हान्थियाचा अंगठा थांबला नाही. एक डोकं मोडलं, दुसरं मोडलं. मग ती म्हणाली, "ड. यात विचारायचंय काय?"

"आणि सर्वांत अयोग्य?"

"अ. वरिष्ठांची वाट पाहा म्हणे! वरिष्ठ तिकडे जेवून ढेकर देतायत आणि इकडे माणूस पेटीत पडलाय. लिही ड. आणि पुढचा वाच, तेल तापलं."

प्रश्नात पेटी नव्हती. हे आर्गिरिसला त्याच क्षणी कळलं आणि त्याच क्षणी त्यानं ते न कळल्यासारखं केलं. खोली मागायला आलेला माणूस जिवंत होता, बायकापोरांना घेऊन आला होता, मेलेला बाप त्याच्या गावी होता. पेटी होती ती एका मार्चमध्ये धक्क्यावर खरंच घडलं होतं त्यात. वाऱ्यामुळे बंदराच्या अधिकाऱ्यांनी बोटी बंद ठेवल्या होत्या. वारा असा की धक्क्यावरच्या टपरीचं छप्पर कुत्र्यासारखं गुरगुरायचं. मग एका सकाळी बंदी उठली आणि लिम्नोसला एकच बोट सुटली, गाड्यांचा मजला ओतप्रोत भरलेला. खिडकीशी एक दाढी वाढलेला माणूस आला. त्याच्या मागे शववाहिका, आत त्याचा बाप. बेटावर कबर खणून ठेवलेली होती आणि तिच्यात पाणी साठायला लागलं होतं. आर्गिरिस त्या दिवशी दुसऱ्या खिडकीवर होता. त्यानं त्या माणसाला पाहिलं होतं, आणि लगेच आपल्या पडद्यावर काहीतरी शोधायला लागला होता. त्याच्या पडद्यावर शोधण्यासारखं काही नव्हतं. एव्हान्थियानं त्या माणसाला हाक मारली. संध्याकाळी शटर ओढताना तिनं त्याला सांगितलं, रोपांच्या व्हॅनवाल्याचं नाव मी काढलं आणि संगणकानं खाल्लं म्हणून सांगितलं. व्हॅनवाला आईबहिणीवर आला होता. त्याची रोपं धक्क्यावरच्या थंडीनं काळी पडली. "पाप लागलं तर लागू दे," छातीवर क्रूस काढत ती म्हणाली होती. "मेलेल्याला रांगेत उभं करायचं का, कुंबाऱ्या? तूच सांग." तो म्हणाला होता, नाही, बरोबर केलंस. आणि ते मनापासून म्हणाला होता. त्याला आठवतं, घरी जाताना त्याला तिचा हेवा वाटला होता, एखाद्याच्या उंचीचा वाटावा तसा.

मग ते बाहेर गेलं कसं? याचं उत्तर त्याच्याजवळ होतं. पुढे रोज रात्री अंथरुणावर आणि रोज सकाळी दाढी करताना तो ते वळवून वळवून पाहायचा, आणि प्रत्येक बाजूनं ते तसंच दिसायचं. मेरोपीबाई परीक्षेसाठी प्रसंग गोळा करत फिरत होती. नावं नकोत, ती म्हणाली, फक्त प्रसंग द्या, कुणी फार चांगलं वागलं असेल किंवा फार वाईट. आर्गिरिसनं चांगलं वागल्याचाच प्रसंग सांगायला घेतला होता. देवाशपथ. "आमच्या इथे एकदा एकीनं मोठी धडाडी दाखवली," अशीच त्यानं सुरुवात केली होती. वारा सांगितला, पेटी सांगितली, कबरीतलं पाणी सांगितलं. असं नीट सांगत होता की आपण एवढं बरं सांगू शकतो याचं त्यालाच कौतुक वाटलं. मग यादीतून नाव काढल्याचं आलं तशी बाईची एक भुवई वर गेली. जास्त नाही, जराशी. "आणि ज्याची जागा गेली त्याचं काय?" असं तिनं विचारलं. त्यात आरोप नव्हता, नुसती चौकशी होती. आणि आर्गिरिस, वाक्य अर्धं बाहेर आणि अर्धं तोंडात असताना, वळला. "हो ना, तेच तर म्हणतोय मी. चूकच होती ती. अशी माणसं भावनेच्या भरात काहीही करतात." बाईनं मान हलवली आणि लिहून घेतलं. भुवई खाली आली. त्याला बरं वाटलं. सगळ्यात वाईट हेच की बरं वाटलं होतं. जिन्यावरून उतरताना तो शीळ घालत होता.

त्या भुवईची त्याला धमकी नव्हती, लालूच नव्हती. कुणी खिळे ठोकून कबूल करवलं असतं तर माणसाला निदान खिळे दाखवता येतात. याच्याजवळ दाखवायला एक भुवई होती.

तर आता एव्हान्थिया म्हणत होती ड, आणि उत्तर अ होतं किंवा ब होतं, पण ड कधीच नव्हतं. ड ही तर सर्वांत अयोग्य म्हणूनच घातलेली ओळ होती. तिला सांगायला हवं होतं. एवढ्यासाठीच तर ते बसले होते. आधीच्या प्रश्नांना दोघं एकमेकांना हसत हसत दुरुस्त करत होते, ती म्हणायची, "अरे गाढवा, गिऱ्हाइकावर ओरडणं योग्य कसं असेल," आणि तो म्हणायचा, "तू रोज ओरडतेस ते?" आताही एक शब्द पुरे होता: चूक. पण तो शब्द उच्चारायचा म्हणजे तिच्या तोंडावर, तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या त्या सकाळीला चूक म्हणायचं. एकदा तिच्यामागे म्हटलं होतं, आता समोर. आणि तिनं विचारलं असतं, का रे? मग का ते समजावून सांगताना त्याचा आवाज मेरोपीबाईच्या खोलीतल्यासारखा झाला असता, आणि तो आवाज एव्हान्थियानं ओळखला असता. म्हणून तो लाजेनं गप्प राहिला. असं त्यानं स्वतःला त्या रात्री सांगितलं. पण जागा एक होती, माणसं दोन होती, आणि तिचं एक उत्तर चुकलं तर ते कुणाच्या पथ्यावर पडणार होतं हे कळायला परीक्षा द्यावी लागत नाही. लाज किती आणि लोभ किती, हे वेगळं काढायचा त्यानं पुढे पुष्कळ प्रयत्न केला. पीठ आणि मीठ कालवल्यावर वेगळं काढायला बसावं तसा. जीभ लावली की खारट लागायचं, एवढंच.

"बरोबर," तो म्हणाला.

एव्हान्थियानं वर पाहिलं. पाहिलं आणि पुन्हा मासळीकडे वळली. "बरोबर ना?" ती म्हणाली. "बघ, मला येतंय की." मग तिनं मासळी पिठात लोळवली, तेलात सोडली, आणि स्वयंपाकघर एवढ्या आवाजानं भरून गेलं की पुढचा प्रश्न वाचता आला नाही. तो जेवला. तिनं लिंबाची मोठी फोड त्याच्या ताटाकडे सरकवली. मासे कुरकुरीत होते, तो काट्यासकट चावत होता, आणि प्रत्येक घासाला वाटत होतं की हा गिळला की सांगू. फेव्रोनियाचा फोन आला, यानिनाहून. खोलीचं भाडं वाढलंय म्हणत होती. एव्हान्थिया फोनवर ओरडली, "वाढू दे! तुझी आई पाळीप्रमुख होतेय! घे, तुझ्या नोनोशी बोल." आर्गिरिसनं फोन कानाला लावला. "नोनो, आईला नीट शिकव हं," पोरगी म्हणाली. "ती तोंडाला येईल ते बोलते." त्याला एकदम ते उघडं, तेल लावलेलं, रडणारं बाळ आठवलं. पाद्रीनं पाण्यातून वर काढून त्याच्या हातावरच्या टॉवेलात टाकलं होतं, आणि ते असं निसटतं होतं, असं गुळगुळीत, की त्याच्या पाठीतून घाम फुटला होता. सगळं चर्च बघत होतं आणि त्याच्या डोक्यात एकच होतं, पडलं तर. पडलं नव्हतं. त्यानं घट्ट धरलं होतं, इतकं घट्ट की मागून एव्हान्थिया कुजबुजली होती, "अरे, सोड जरा, गुदमरेल." त्या दिवशी त्याला वाटलं होतं की आपण विश्वासाचा माणूस आहोत, आणि हे आता कायमचं ठरलं.

परीक्षेपर्यंतचे दिवस तो तिच्याकडे जातच राहिला. न जाणं म्हणजे कबुली झाली असती. रोज एखाद्या क्षणी ती हातातलं काम ठेवून म्हणायची, "आणखी काही आहे का, कुंबाऱ्या?" आणि तो पानं उलटून म्हणायचा, "नाही, संपलं." एकदा तर ती म्हणाली, "त्या हॉटेलवाल्या प्रश्नाचं मला अजून नीट कळलं नाही बघ," आणि थांबली. पंखा फिरत होता. त्यानं म्हटलं, "असले प्रश्न येत नाहीत गं." "येत नाहीत?" "नाही." "मग बरं," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढे टरबूज कापलं.

प्रश्न आला. शहरातल्या एका शिकवणीवर्गाच्या खोलीत रांगेनं संगणक मांडले होते. ती त्याच्या पुढच्या रांगेत, डावीकडे बसली होती. केस वर बांधलेले, मानेवर घामाचे दोन थेंब. या वेळी हॉटेलचा अंगरखा काढून ठेवला होता. बोट होती, वाऱ्याची बंदी होती, शववाहिका होती, राखलेल्या जागेवर रोपांची व्हॅन होती, आणि बोट सुटायला थोडा वेळ. फक्त कबरीतलं पाणी गाळलं होतं, ते परीक्षेच्या उपयोगाचं नसावं. आर्गिरिसनं वाचलं आणि मान वर केली. एव्हान्थियाची मान हलत नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. बराच वेळ ती तशीच बसून राहिली आणि वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ त्याच्याही पडद्यावर चाललं होतं, तिच्याही. मग तिचा उजवा हात उठला, एकदा दाबलं, पुन्हा दाबलं, पुढे गेली. त्यानंही केलं. सर्वांत योग्यच्या खाली अ. सर्वांत अयोग्यच्या खाली ड. बोटाला काही जड गेलं नाही. बटण दुसऱ्या कुठल्याही बटणासारखंच दबलं, याचंच त्याला पुढे राहून राहून नवल वाटत राहिलं.

निकाल लागला तेव्हा फरक अगदी थोडा होता. एखाददुसऱ्या प्रश्नाचा.

तिनंच त्याला बोलावलं, धक्क्यासमोरच्या कॉफीच्या दुकानात, जिथे खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या असतात आणि शेजारी बसलेल्याकडे बघावं लागत नाही. आर्गिरिस येताना सबंध रस्ताभर वाक्यं जुळवत आला होता. तिनं त्याच्या दोन्ही गालांचा मुका घेतला. "अभिनंदन," म्हणाली. पांडेलिसनं, म्हणजे दुकानवाल्यानं, दोन थंड कॉफ्या आणून ठेवल्या. त्याला सगळं गाव कळायचं तसं हेही कळलं होतं. "साहेब झालास म्हणे! आता लिम्नोसला फुकट सोडशील ना आम्हाला?"

"याला विचारू नकोस," एव्हान्थिया म्हणाली. "हा नियमानं जातो."

पांडेलिस हसून गेला. समोर बोटीचं दार धक्क्यावर आडवं पडलं होतं, गाड्या एकेक करून आत शिरत होत्या.

"त्या प्रश्नाला तू काय दिलंस?" तिनं विचारलं.

"कुठल्या?"

"पेटीच्या, आर्गिरिस."

खोटं बोलायला जागा होती. तिला त्याचा पडदा दिसलेला नव्हता. पण तिनं कुंबाऱ्या म्हटलं नाही, नाव घेतलं, आणि त्या नावानं जुळवून आणलेली सगळी वाक्यं खाली बसली. "ड," तो म्हणाला.

"योग्य म्हणून की अयोग्य म्हणून?"

"अयोग्य."

तिनं मान हलवली. "बरोबर. तेच उत्तर आहे."

"आणि तू?"

"मी योग्य म्हणून दिलं. ठाऊक असून दिलं. म्हातारा माझ्यासमोर होता रे, पेटीत, त्याच्या लेकाच्या बुटांना चिखल होता. त्याच्यावर फुली मारायची म्हणजे काय? हात वळला नाही."

"ठाऊक असून?"

"अरे, टोमॅटोची रोपं घेऊन हॉटेलात कोण उतरतं?" ती हसली, खरंच हसली, तिचा खांदा हलला. "मी मासळी साफ करत होते आणि तू अडलास. तेव्हाच कळलं. म्हटलं बघू या. म्हणून मुद्दाम ड म्हटलं. वाटलं, आता म्हणेल, चूक आहे बाई, आणि ऐक, माझ्याकडून असं असं झालं. दोन शिव्या घातल्या असत्या मी. दोन कसल्या, चार. आणि मग तुला जेवायला वाढलं असतं. तू म्हणालास, बरोबर."

"मला लाज वाटली," तो म्हणाला. हे खरं होतं आणि ते बोलल्यावर इतकं लहान निघालं, तळहातावर मावेल एवढं, की त्याला ते परत खिशात घालावंसं वाटलं.

"ते दिसत होतं मला. म्हणून तर थांबले ना रोज. म्हटलं लाज वाटतेय, म्हणजे माणूस आत आहे, आज नाही तर उद्या दार उघडेल. टरबूजसुद्धा कापलं तुझ्यासाठी." ती समुद्राकडे बघत होती. "तू तिला सांगितलंस ना, त्या बाईला, त्याचं एवढं नाही. आपण सगळेच बडबडतो. पण मग मला चुकीचं उत्तर घेऊन तिथे बसायला जाऊ दिलंस."

बोटीचं दार वर उचललं जात होतं, साखळ्यांचा आवाज येत होता. आर्गिरिसनं मनात हिशेब केला. म्हाताऱ्याला कबर मिळाली. रोपवाल्याची रोपं गेली. मेरोपीबाईला एक चांगला प्रश्न मिळाला. फेव्रोनिया पुढच्या महिन्यात खोली सोडून मैत्रिणीच्या खोलीत दाटीवाटीनं राहायला जाणार होती. त्याला बारा महिन्यांचा पगार मिळाला.

आता उठायची वेळ झाली. या गावात दोन माणसं कॉफी प्यायली की बिलावरून जुंपते. एक जण खिशाला हात घालतो, दुसरा त्याचं मनगट धरतो, आई मेल्याची शपथ घालतो, कुणी पाणी आणायच्या मिषानं आत जाऊन गुपचूप देऊन येतो आणि दुसरा महिनाभर रुसतो. एव्हान्थिया तर या कामी ख्यातनाम होती. तिनं एकदा त्याच्या हातातली नोट हिसकावून त्याच्या शर्टात कोंबली होती आणि बटण तुटलं होतं. आर्गिरिसनं पाकीट काढलं आणि मनगट तयार ठेवलं. तिनं धरलं तर आज तो सोडवून घेणार नव्हता. तिनं दिले तर देऊ देणार होता, शिव्या घातल्या तर ऐकणार होता, आणि त्यानं दिलेले तिनं मुकाट्यानं घेतले तरी त्याला चाललं असतं.

एव्हान्थियानं पर्स उघडली. नाणी तळहातावर ओतली, बोटानं बाजूला करत करत एका कॉफीची मोजली, आणि आपल्या पेल्याखाली नीट रचून ठेवली.

"येते," म्हणाली, आणि धक्क्याच्या कडेकडेनं चालायला लागली.

पांडेलिस टेबल पुसायला आला. पेल्याखालची नाणी त्यानं पाहिली, मग आर्गिरिसच्या हातातली नोट पाहिली. त्याला वाटलं की काहीतरी चुकलंय. "हे कशाचे?" त्यानं विचारलं.

"तिच्या कॉफीचे तिनं दिलेत," आर्गिरिस म्हणाला. "माझ्याचे घे."